सनद आणि प्रीती : मस्तानी-कथेतील दर्जाचा प्रश्न

पेशवाईतील ज्या थोड्या स्त्रियांकडे मराठी ललित वाङ्‍मय पुनःपुन्हा वळले, त्यांत मस्तानीचे स्थान बरेच वरचे आहे. वि. वा. शिरवाडकर यांचे 'दुसरा पेशवा' (१९४७) हे नाटक, ना. सं. इनामदार यांची 'राऊ' (१९७२) ही कादंबरी आणि त्या कादंबरीच्या आधारे संजय लीला भन्साळी यांनी २०१५ मध्ये काढलेला 'बाजीराव मस्तानी' हा हिंदी चित्रपट, या तिन्ही कृती एकाच घराण्यातील एकाच कलहाभोवती फिरतात. त्यांची नावे शेजारी ठेवून पाहिली तरी दृष्टीचा कल ध्यानात येतो. पहिल्या दोन नावांत केवळ पुरुष आहे. तिसऱ्यात त्याच्या जोडीला प्रेयसी आली. काशीबाईंचे नाव तिहींपैकी एकाच्याही शीर्षकात नाही.

या कथेचा विचार आजवर प्रायः प्रीती विरुद्ध समाज या चौकटीत झाला. कर्तबगार पुरुषाने जातिधर्माच्या मर्यादा ओलांडून एका स्त्रीवर प्रेम केले आणि पुण्याच्या कर्मठ समाजाने ते सहन केले नाही, असे तिचे सामान्य रूप आहे. ही चौकट खोटी नव्हे. परंतु ती अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणामुळेच या कथेतील दोन्ही स्त्रियांची खरी अडचण झाकली जाते. बाजीरावांचे मस्तानीवर प्रेम होते किंवा नव्हते, हा पुण्यातील वादाचा विषयच नव्हता. अठराव्या शतकातील सरदारघराण्यांत पुरुषाने विवाहित पत्नीखेरीज अन्य स्त्री बाळगणे ही नित्याची गोष्ट होती व तिच्यावर कोणी बहिष्कार घालीत नसे. कलह उत्पन्न झाला तो तिला पत्नीचा आणि तिच्या मुलाला पुत्राचा दर्जा देण्याचा प्रयत्न झाला तेव्हा.

घटनाक्रम थोडक्यात असा. १७२९ साली महंमदखान बंगषाच्या वेढ्यातून बाजीरावांनी बुंदेलखंडाच्या छत्रसालाची सुटका केली आणि त्यानंतर मस्तानी पुण्यास आली. ती छत्रसालाची कन्या की त्याच्या दरबारातील कलावंतीण, याविषयी परंपरा परस्परविरोधी आहेत. आणि हा मतभेद हाच मुळी दर्जाच्या प्रश्नाचा पहिला अंक होय, कारण कन्या मानली तर ती राजघराण्यातून आलेली वधू ठरते आणि कलावंतीण मानली तर भेट म्हणून आलेली वस्तू. १७३४ मध्ये तिला मुलगा झाला. त्याचे नाव कृष्णराव ठेवावे व त्याची मुंज करावी ही बाजीरावांची इच्छा पुण्याच्या ब्रह्मवृंदाने चालू दिली नाही. तो समशेरबहादूर म्हणूनच वाढला. त्याच वर्षी काशीबाईंच्या पोटी रघुनाथरावांचा जन्म झाला. एका पित्याच्या, एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन पुत्रांपैकी एकाचे उपनयन १७४०च्या आरंभी योजिले गेले, आणि ते व सदाशिवरावांचे लग्न निर्विघ्न पार पडावे एवढ्यासाठी दुसऱ्याच्या आईला कैदेत ठेवण्यात आले. तत्पूर्वी १७३९च्या अखेरीस ती पहाऱ्यातून निसटून पाटस येथे बाजीरावांपाशी गेली होती. पुणे-सोलापूर रस्त्यावरून जाताना लागणारे हेच ते पाटस. तेथून तिला परत यावे लागले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले आणि त्यापाठोपाठ मस्तानीही वारली. पाबळ येथे तिची कबर आहे.

चित्रपटाने हा दर्जाचा प्रश्न अजिबात ओळखला नाही असे म्हणता येणार नाही. त्यातील मस्तानी बाजीरावांनी दिलेल्या कट्यारीलाच विवाह मानते आणि तो बुंदेलखंडाचा रिवाज असल्याचे सांगते. कल्पित असला तरी हा प्रसंग मार्मिक आहे, कारण त्यामुळे मस्तानी कृपेची नव्हे तर हक्काची भाषा बोलते. परंतु दिग्दर्शकाने हा धागा लगेच सोडून दिला. पुढे ती राधाबाईंसमोर किंवा दरबारात जे बोलते ते सारे इष्काच्या परिभाषेत बोलते. रिवाजाचा पुरावा मांडणे, साक्ष काढणे, आपल्या मुलाचे अधिकार नेमके कोणते ते विचारणे यांपैकी काहीही तिच्या तोंडी घातलेले नाही. मुलाला कडेवर घेऊन ती मारेकऱ्यांशी लढते. तिच्या हाती तलवार आहे, सनद नाही.

वस्तुतः शस्त्राशी लागलेले लग्न ही मराठी सरदारांना मुळीच अपरिचित गोष्ट नव्हती. वराच्या खांड्याशी वधूचे लग्न लावण्याची चाल त्यांच्यात होती व अशा पत्नीला खांडाराणी म्हणत. मल्हारराव होळकरांच्या हरकूबाई या अशाच खांडाराणी होत्या आणि होळकरांच्या घरात त्यांचा मान राखला जात असे. म्हणजे बाजीरावांच्याच हाताखालच्या सरदाराच्या वाड्यात जे नाते मान्य होते, ते शनिवारवाड्यात अमान्य ठरले. या भेदाचे कारण केवळ मस्तानीच्या धर्मात शोधणे, जसे चित्रपट शोधतो, हे अर्धवट उत्तर होय. होळकर हे सरदार होते. पेशवे सरदारांचे धनी असले तरी गृहस्थ म्हणून ते चित्पावन ब्राह्मण होते आणि त्यांच्या घरातील मुंजी-लग्नांवर ब्रह्मवृंदाचा अधिकार चालत असे. राज्य करणारा पुरुष आपल्याच देवघरात परतंत्र होता. एवढे नाट्यबीज समोर असताना त्याऐवजी दोन धर्मांतील वैराचा सोपा संघर्ष स्वीकारणे, ही या चित्रपटाची कलादृष्ट्या मोठी हानी आहे.

येथे आणखी एक कागद पुढे ठेवणे आवश्यक आहे. १७३४ साली, म्हणजे समशेरबहादुराच्या जन्माच्या वर्षीच, मल्हाररावांच्या विनंतीवरून बाजीरावांनी गौतमाबाई होळकर यांच्या नावे खासगीची जहागीर करून दिली. सरदाराच्या दौलतीपासून पृथक असे हे उत्पन्न पत्नीच्या स्वाधीन होते, आणि पुढे ते अहिल्याबाईंकडे आले. चोंडीच्या पाटलांच्या या कन्येला १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात वैधव्य आले. सासऱ्याने तिला सती जाण्यापासून परावृत्त केले आणि १७६७ मध्ये मुलगा मालेराव वारल्यावर तिने राज्याचा कारभार हाती घेतला. त्या वेळी होळकरांची दौलत ताब्यात घेण्यास जे निघाले ते रघुनाथराव म्हणजे मुंजीच्या निमित्ताने मस्तानीला कोंडण्यात आले तो बटूच. अहिल्याबाईंनी माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली, इतर सरदारांशी संधान बांधले, आणि रघुनाथरावांना माघार घ्यावी लागली.

सोलापूरच्या विद्यापीठाने २०१९ पासून ज्यांचे नाव धारण केले आहे त्या अहिल्याबाईंचे कर्तृत्व सांगताना त्यांची धर्मनिष्ठा व न्यायबुद्धी यांवर भर दिला जातो, आणि तो योग्यच आहे. पण त्यांच्या विजयाला आधारभूत असलेली एक कोरडी गोष्ट त्यामुळे दृष्टीआड होते. सून म्हणून त्यांचा दर्जा निर्विवाद होता, खासगीचे उत्पन्न निर्विवाद होते, आणि म्हणून दाद मागण्यासाठी त्यांना जागा होती. मस्तानी धैर्याने किंवा बुद्धीने उणी होती असे मानण्यास काही कारण नाही. उणा होता तो कागद. ज्या बाजीरावांच्या शिक्क्याने गौतमाबाईंचे स्वामित्व पिढ्यान्‌पिढ्या टिकले, त्याच बाजीरावांना आपल्या वाड्यातील स्त्रीचे स्वातंत्र्य आपल्या गैरहजेरीत काही महिनेही टिकविता आले नाही. बाजीरावांच्या शोकांतिकेचे मर्म शोधावयाचे तर ते येथे सापडेल. मद्य, विरह आणि ज्वर यांत ते नाही.

मराठी भाषेनेही या दर्जाचा निवाडा आपल्या परीने करून टाकला आहे. मराठी लेखनात काशीबाई येतात, बसतात, बोलतात. मस्तानी मात्र येते, बसते, बोलते. एकीच्या नावापुढे 'बाई' हा आदराचा प्रत्यय आहे, दुसरीचे नाव उघडे आहे. तिच्याविषयी अत्यंत सहानुभूतीने लिहिणाराही क्रियापदाचे अनेकवचन तिला सहसा देत नाही, आणि प्रस्तुत विवेचनही त्या रूढीतून सुटलेले नाही.

आता काशीबाईंकडे वळावयास हवे. चित्रपटातील काशीबाई हे पात्र मस्तानीहून अधिक जिवंत उतरले आहे हे निःसंशय. प्राण मागितले असते तर दिले असते, पण तुम्ही अभिमान हिरावून घेतला, अशा आशयाचे बोलून ती पतीला दूर करते, तो प्रसंग संपूर्ण चित्रपटात सर्वांत सकस आहे. पतीला नाकारणारी पत्नी हे चित्र त्या काळाला विजोड आहे, असा आक्षेप घेता येईल. तो फारसा टिकणारा नाही. मनातील नकार कोणत्याही शतकात असू शकतो. खरा फरक आहे तो नकाराच्या परिणामांत. १८८४ मध्ये दादाजी भिकाजी याने रखमाबाईंवर मुंबईच्या उच्च न्यायालयात फिर्याद लावली, तेव्हा नांदावयास जाण्याचा त्यांचा नकार सार्वजनिक झाला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जा अन्यथा तुरुंगवास भोगा असा हुकूम केला, आणि रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दर्शविली. तेथे नकाराला किंमत होती, कारण त्याला दंड होता. चित्रपटातील काशीबाईंच्या नकाराने वाड्यातील कोणाचेही काही बिघडत नाही. प्रेक्षकाचे डोळे पाणावतात आणि कथा पुढे जाते.

चित्रपटातील 'पिंगा' या गीतावरून २०१५ मध्ये मोठा गदारोळ झाला. पेशव्यांच्या कुलस्त्रिया अशा नाचत नसत, असे आक्षेपकांचे म्हणणे होते. इतिहास म्हणून हा आक्षेप बरोबर असेल. परंतु त्यातील रोख पाहिला म्हणजे वाद घराण्याच्या अब्रूचा होता, स्त्रियांच्या अधिकाराचा नव्हता, हे दिसून येते. पहिली पत्नी दुसरीला हळदकुंकवाच्या नात्याने जवळ करते आणि दोघी एका तालावर नाचतात, या कल्पनेतील खरा दोष नृत्य हा नसून समेट हा आहे. ज्या दोघींचे हित व्यवस्थेनेच एकमेकींविरुद्ध उभे केले आहे, त्यांचा समेट गाण्याने घडवून आणणे म्हणजे ती व्यवस्था निर्माण करणाऱ्या पुरुषाला प्रश्नांतून मोकळे करणे होय.

कायद्याच्या इतिहासाशी ही कथा ताडून पाहिल्यास एक विलक्षण योगायोग आढळतो. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा १९४६ मध्ये झाला. 'दुसरा पेशवा' त्याच्या पुढच्याच वर्षीचे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व देशभर लागू केले आणि त्यानंतर सतरा वर्षांनी 'राऊ' आली. दुसरी पत्नी करणे जेव्हा गुन्हा ठरत होते, त्याच सुमारास दुसरीवर प्रेम करणारा पुरुष मराठी मनाचा शोकनायक होत होता. आजच्या कायद्याच्या कसोटीवर काशीबाईंची बाजू निर्विवाद ठरेल. पहिली पत्नी हयात असताना झालेल्या दुसऱ्या विवाहाला हिंदू विवाह कायदा शून्य मानतो. मात्र कलम १६ अन्वये अशा संबंधातील संतती औरस धरली जाते व तिला आईबापांच्या मालमत्तेत हक्क पोचतो. म्हणजे पुण्याच्या ब्रह्मवृंदाने समशेरबहादुराला जे नाकारले त्याचा काही अंश आजच्या विधिमंडळाने तशा मुलाला दिला, पण मस्तानीच्या जागी असलेली स्त्री बव्हंशी तेथेच राहिली. प्रेक्षागृहात मस्तानीसाठी हळहळणारा प्रेक्षक बाहेर आल्यावर याच कायद्याचा पुरस्कार करतो, आणि तो चुकतो असेही म्हणता येत नाही. हा पेच खरा आहे, आणि तिन्ही कृतींच्या मांडणीला त्याचा स्पर्श झालेला नाही.

चित्रपटाच्या अखेरीस नदीकाठी बाजीराव आणि साखळदंडात मस्तानी एकाच क्षणी प्राण सोडतात. दृश्य म्हणून हा शेवट परिणामकारक आहे, पण त्याने कथेचा उत्तरार्ध कापून टाकला. काशीबाई त्यानंतर १७५८ पर्यंत हयात होत्या. मातृपितृहीन झालेल्या समशेरबहादुराला त्यांनी आपल्या देखरेखीखाली वाढविले, असे इतिहासकार सांगतात. मुंज न झालेला हा मुलगा पेशव्यांचा सरदार झाला, बुंदेलखंडातील उत्पन्न त्याला मिळाले, आणि ज्या सदाशिवरावांच्या लग्नासाठी त्याच्या आईला अडकवून ठेवले होते त्यांच्याच सेनापतित्वाखाली १७६१ मध्ये पानिपतावर लढताना झालेल्या जखमांनी तो मरण पावला. पती गेला, सवत गेली, आणि सवतीचा सहा वर्षांचा मुलगा घरात आहे, अशा स्थितीत काशीबाईंनी काढलेली ही अठरा वर्षे आहेत. चासला त्यांनी सोमेश्वराचे देऊळ बांधले ते याच काळात.