तक्त्यातील पाठभ्रंश

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडून अलीकडे एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘तक्ता उडाला.’ क्षेत्रपाहणीत जमविलेली सामग्री स्प्रेडशीटमध्ये भरून ठेवलेली असते; पुढे केव्हातरी तिचा काही भाग नाहीसा झाल्याचे आढळून येते, आणि ती वार्ता या दोन शब्दांत सांगितली जाते. या वाक्याचे व्याकरणच प्रथम पाहण्याजोगे आहे. क्रियापद अकर्मक आहे आणि कर्ता खुद्द तक्ताच. पाखरू उडावे तसा तो उडाला. उडविणारा कोणीच नाही. ‘अपघात’ या शब्दाचा आश्रयही आपण याच सोयीसाठी घेतो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, या हानीपैकी पुष्कळशी हानी हा अपघात नसून पाठभ्रंश आहे, आणि तिची चिकित्सा पाठचिकित्सेच्या दृष्टीनेच व्हावयास हवी.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस लेखनिकाचे दोन प्रकारचे प्रमाद परिचित आहेत. एकात त्याची नजर चुकते : ओळ गळते, अक्षर दुबार पडते. दुसऱ्यात मूळ पाठ त्याला चुकीचा वाटतो, आणि तो आपल्या समजुतीनुसार त्याची दुरुस्ती करतो. पहिला प्रमाद बहुधा उघडकीस येतो, कारण तेथे अर्थ तुटतो. दुसरा दडून राहतो, कारण तेथे अर्थ उलट अधिक सुबोध झालेला असतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीत न स्वीकारलेले पाठभेदही संहितेखाली नोंदविलेले आहेत. संपादकाचा निर्णय वाचकास तपासता यावा, ही त्यामागील दृष्टी. स्प्रेडशीट ही दुसऱ्या प्रकारची लेखनिक आहे. जुना लेखनिक निदान पोथीच्या शेवटी ‘जसे पाहिले तसे लिहिले, दोष मजकडे नाही’ अशा आशयाची कबुली तरी देई. हा नवा लेखनिक जसे पाहिले तसे लिहीत नाही, आणि तसे सांगतही नाही.

जीवशास्त्रज्ञांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. सेप्टिन वर्गातील एका जनुकाचे संक्षिप्त नाव ‘सेप्ट २’ असे होते. एक्सेल त्याचे दोन सप्टेंबर करी. ‘मार्च १’ या जनुकाची एक मार्च ही तारीख होई. २००४ मध्येच एका शोधनिबंधाने या दोषाकडे लक्ष वेधले होते. तरीही २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील तिघा संशोधकांनी जनुकांच्या याद्या जोडलेले ३,५९७ निबंध तपासले, तेव्हा त्यांपैकी ७०४ निबंधांत, म्हणजे जवळजवळ पंचमांशात, अशा चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे निश्चित करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलली. लेखनिक सुधारेना, म्हणून मूळ ग्रंथात बदल केला गेला! ही आपोआप होणारी रूपांतरे बंद ठेवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती २०२३ मध्ये.

पहिल्या प्रकारच्या प्रमादाचे, म्हणजे ओळी गळण्याचे, उदाहरणही त्याच काळातले आहे. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या दिवसांत इंग्लंडच्या आरोग्यखात्याच्या दैनिक आकड्यांतून करोनाचे १५,८४१ रुग्ण वगळले गेले. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते; त्यापुढील मजकूर तीत शिरलाच नाही. पण हा प्रमाद आठवड्याभरात लक्षात आला. जनुकांच्या नावांचा वर्षानुवर्षे चालू राहिला.

आता आपल्या विषयाकडे वळू. प्रत्ययापूर्वी संयोगचिन्ह देण्याची भाषावैज्ञानिकांची रीत आहे. एक्सेलच्या चौकटीत ‘-ला’ असे लिहिले की ते त्यास वजाबाकी समजते, ‘ला’ नावाची राशी शोधू लागते, आणि ती न सापडल्याने चौकटीत दोषचिन्ह उमटवते. तोवर मूळ मजकूर आत शाबूत असतो; परंतु तो तक्ता सीएसव्ही या साध्या प्रकारात साठविला, तर फाइलीत केवळ दोषचिन्ह उतरते. ‘-ला’ असो, ‘-ने’ असो वा ‘-शी’ असो, सर्वांचे चिन्ह एकच. प्रश्नावलीतील ३-४ या क्रमांकाची तीन एप्रिल ही तारीख होते, आणि आत उरते ती १९०० च्या आरंभापासून मोजलेल्या दिवसांची संख्या.

याहून विदारक प्रकार देवनागरीचा. सीएसव्हीचा जुना प्रकार निवडला आणि त्या यंत्राच्या चिन्हसंचात देवनागरी नसली, तर प्रत्येक चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह येते. अक्षर व मात्रा येथे वेगळ्या मोजल्या जातात, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून मालवणी ‘माका’ची चार प्रश्नचिन्हे होतात आणि वऱ्हाडी ‘मले’ची तीन. प्रमाण ‘मला’चीही तीनच. ज्या भेदासाठी पाहणी केली, तोच भेद पुसला जातो. शब्दाची लांबी मात्र निष्ठेने जतन केली जाते.

याचे खापर सर्वस्वी यंत्रावर फोडणे न्याय्य होणार नाही. १९७९ च्या व्हिसिकॅल्कपासून या साधनाची घडण हिशेबासाठी झाली आहे, आणि हिशेबाच्या वहीत ३-४ दिसले तर ती तारीख असण्याचाच संभव अधिक. रकाना आधी ‘मजकूर’ प्रकारचा ठरवावा, ही सूचनाही खरी आहे. तथापि तक्त्यात नव्याने टंकलेल्या नोंदीपुरतीच ती पुरी पडते. सीएसव्ही फाइल नुसती उघडताक्षणी जे रूपांतर होते, त्यास ती आवर घालीत नाही. आपला दोष निराळाच आहे : रोजकीर्दीच्या वहीत आपण संहिता लिहावयास बसलो, आणि मूळ प्रत वेगळी ठेवली नाही. प्रबंधाच्या परीक्षणात मूळ सामग्री मागविण्याची चाल अजून पुरेशी रुळलेली नाही, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

या दोषापासून प्रस्तुत लेखकही मुक्त नाही. सर्वनामांच्या बोलीरूपांचा एक तक्ता मी वर्णानुक्रमे लावीत असता केवळ गावांचा रकाना हलला. रूपांचा रकाना जागीच राहिला. ओळींची संख्या पूर्वीइतकीच होती, एकही चौकट रिकामी नव्हती. तोच तक्ता मी पुढे कित्येक दिवस वापरला व जुन्या प्रतीवर साठविलाही. वर्धा जिल्ह्यातील एका गावासमोर ‘माका’ दिसले, तेव्हा मी दचकलो.

दुरुस्ती मी मोठ्या आत्मविश्वासाने आरंभिली. ‘माका’ सिंधुदुर्गाकडे धाडले, ‘मले’ वऱ्हाडाकडे. बरेचसे काम उरकल्यावर ध्यानात आले की, ज्या गावी जे रूप असावे अशी माझी धारणा होती, तेच रूप मी तेथे नेऊन बसवीत आहे. सीमेवरील गावात मिळालेले एखादे अनपेक्षित रूप हेच तर अशा पाहणीचे धन. आणि तेच मी नियमात बसवून टाकीत होतो. त्या दुसऱ्या प्रकारच्या लेखनिकाची जागा आता मीच घेतली होती. केलेली सारी दुरुस्ती मी रद्द केली.

ज्या गावांच्या हस्तलिखित वह्या होत्या, त्यांच्या नोंदी वह्यांवरून पुन्हा लावता आल्या. काही ठिकाणी मात्र उत्तरे थेट लॅपटॉपवर उतरविली होती आणि ध्वनिमुद्रण केलेले नव्हते. तेथील एक निवेदिका, वयाची ऐंशी उलटलेली, मधल्या काळात निवर्तली. त्या तक्त्यातील अकरा रूपांसमोर गावाचा रकाना आज कोरा आहे. त्यांपैकी एक रूप मला अन्यत्र कोठेही आढळलेले नाही. ते तिचे असावे असे मला वाटते. परंतु तसे लिहिण्याचा अधिकार मला उरलेला नाही.