चित्राखालचे नाव

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास हिंगोलीत एका शाळेच्या दोन खोल्यांत छायाचित्रांचे छोटेसे प्रदर्शन भरले होते. चित्रे काढणारा तरुण सेनगाव तालुक्यातला, छायाचित्रणाचा विद्यार्थी आणि आमच्या परिचयातला. त्याच्या आग्रहावरून प्रदर्शनाच्या पत्रकासाठी चार ओळींचा परिचय आम्ही लिहून दिला. लिहिताना एका चित्रापाशी आमची लेखणी जरा अधिकच रेंगाळली. हळद पॉलिश करण्याच्या ड्रमाशेजारी एक मध्यमवयीन मजूर स्त्री उभी आहे. हात कोपरापर्यंत पिवळे, पदर पिवळा. डोळ्यांच्या कडा ओलावलेल्या आणि गालावरच्या धुळीतून पाण्याची एक बारीक रेघ खाली उतरलेली. विद्यार्थ्याने चित्राला शीर्षक दिले होते 'वेदना'. मराठवाड्याच्या कोरडवाहू जीवनाचे सारे दुःख या एका रेघेत साठले आहे, असा अभिप्राय आम्ही दिला. हळद हे बागायती पीक आहे, एवढेही त्या भरात आमच्या ध्यानात राहिले नाही.

तिसऱ्या दिवशी ती स्त्री स्वतःच प्रदर्शन पाहायला आली. सोबतच्या मुलीने तिला चित्राखालचा शब्द आणि आमच्या ओळी वाचून दाखवल्या. ती थोडी हसली आणि म्हणाली, "मी कुठं रडत होते? डोळ्यात हळद गेलती." मग क्षणभर थांबून तिने विचारले, "फोटू माझा हाय ना? मंग खाली नाव दुसरंच काऊन?"

त्या दोन वाक्यांनी चित्रकर्त्याला आणि समीक्षकाला एकाच वेळी निरुत्तर केले. त्याने शीर्षक देताना घाई केली होती आणि आम्ही त्या घाईला साहित्याची शाल पांघरली होती. छायाचित्रणाचा विद्यार्थी नेमके काय शिकतो आणि काय शिकायचे राहून जाते, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत आहे. त्या प्रश्नाच्या अनुषंगाने एका फार मोठ्या छायाचित्रकर्तीच्या विद्यार्थिदशेतील कामाकडे पाहावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आधी आमच्या विद्यार्थ्याचे शिक्षण कसे झाले ते सांगणे अवश्य आहे. बारावीनंतर दोन वर्षे तो वसमतच्या एका स्टुडिओत होता. लग्नसराईत मालकाच्या मागे दिव्याची छत्री धरून उभे राहणे, हे त्याचे पहिले काम. कॅमेऱ्याला हात लावायला मिळाला तो सहा महिन्यांनी. पण त्या काळात त्याला एक गोष्ट नकळत समजली होती: नवरीच्या आजीला वाईट दिसणारा फोटो चालत नाही. फोटो पाहणारी माणसे फोटोतलीच असत, आणि नापसंती तोंडावर सांगत. पुढे मोठ्या शहरातील कलामहाविद्यालयात त्याने प्रवेश घेतला. तेथे चौकटीचे तीन भाग कसे पाडावेत, छाया आणि प्रकाश यांचा तोल कसा साधावा, हे त्याला शास्त्रशुद्ध शिकवले गेले. ते शिक्षण उत्तमच होते. फरक एवढाच पडला की, सुटीत गावी आल्यावर त्याला गावातली माणसे 'विषय' दिसू लागली. विषयाला आजी नसते. तो कोणाला नापसंतही करत नाही.

ही दृष्टी त्या मुलाने शोधून काढलेली नाही. आपल्या देशातील छायाचित्रणाला तो जुना वारसा आहे. आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातील सर्वांत नामवंत छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. रुरकीला अभियांत्रिकी शिकलेल्या या गृहस्थांनी पुढे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून कीर्ती मिळवली. इकडे कॅमेरा आला तो असा दरबारातून. मुंबईत मात्र तो शाळेतूनही आला. तेथे १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. छायाचित्रणाचा एतद्देशीय विद्यार्थी म्हणता येईल अशा पहिल्या काही जणांपैकी ते एक. परंतु त्याच पिढीत, १८६८ ते १८७५ या काळात, सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा चित्रसंग्रह निघाला. त्यातील बहुसंख्य चित्रांखाली व्यक्तीचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे आहे. माणूस समोर बसला, त्याचा चेहरा घेतला गेला आणि खाली एका प्रकाराचा नमुना म्हणून त्याची नोंद झाली. आमच्या विद्यार्थ्याने जातीच्या जागी 'वेदना' लिहिले. शब्द सहृदय होता, पण रीत तीच होती.

याच मुंबईत, १९३० च्या दशकात, होमाई व्यारावाला या छायाचित्रण शिकल्या. त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीला झाला. वडील फिरत्या नाटकमंडळीत नट होते. मुंबईत विद्यापीठाचे शिक्षण आणि सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षण त्यांनी घेतले. मात्र छायाचित्रणाचे धडे त्यांना दिले ते माणेकशा व्यारावाला यांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. कलाशाळेने रेषा आणि रचना दिली, माणेकशांनी कॅमेरा आणि अंधारखोली दिली. ही दुहेरी शिकवणी ध्यानात ठेवली म्हणजे त्यांच्या आरंभीच्या चित्रांतील गुण उलगडतो. पहिली चित्रे होती बायकांच्या एका सहलीची. ती 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये छापून आली आणि दर चित्रामागे एक रुपया मिळाला.

सबीना गडिहोक यांनी २००६ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ही विद्यार्थिदशेतील चित्रे पुष्कळांनी प्रथमच पाहिली. त्यांत कलाशाळेतील सहाध्यायिनी आहेत. कधी वर्गात, कधी सहलीत, कधी मुद्दाम हौसेने उभ्या राहिलेल्या. रेहाना मोगल ही मैत्रीण तर पुनःपुन्हा दिसते. या मुलींच्या चेहऱ्यावर कॅमेऱ्याची भीती नाही आणि कॅमेऱ्यासाठी घेतलेला आवही फारसा नाही. चित्र काढणारी आपल्यातलीच आहे, उद्या वर्गात पुन्हा भेटणार आहे, चित्र बरे आले नाही तर तिला चार शब्द सुनावता येणार आहेत, हा विश्वास त्या नजरांत आहे. त्या काळच्या शिकणाऱ्या, नोकरीची स्वप्ने पाहणाऱ्या तरुण मुलींकडे इतक्या बरोबरीच्या नात्याने पाहणारी चित्रे आमच्या पाहण्यात दुसरी नाहीत.

यात यंत्राचाही थोडा वाटा आहे. व्यारावाला दांपत्य रोलायफ्लेक्स वापरत असे. १९२९ मध्ये जर्मनीत निघालेला हा दोन भिंगांचा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. तो छातीशी किंवा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचे. काचेत डावे उजवीकडे दिसते, म्हणून घाई करून चालत नाही. फिल्मच्या एका गुंडाळीवर चौकोनी चित्रे बाराच निघतात. म्हणजे काढणाऱ्याचा चेहरा यंत्राआड लपत नाही, मान किंचित झुकलेली असते आणि प्रत्येक चित्रापूर्वी समोरच्या माणसाशी दोन शब्द बोलायला सवड मिळते. आमच्या विद्यार्थ्याने हळदीच्या खळ्यावर एका दुपारी चारशेच्या वर चित्रे घेतली होती. त्या चारशे चित्रांत एक प्रश्न विचारायला त्याला वेळ झाला नाही. यंत्र माणसाला सज्जन करत नाही, हे खरे. पण यंत्राची सवय हाताला लागते आणि हाताची मनाला.

आता नावाचा मुद्दा. रेहाना मोगल हे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, कारण चित्र काढणारीने ते जपले. परंतु चित्र काढणारीचे स्वतःचे नाव मात्र त्या वेळी छापले जात नसे. 'इलस्ट्रेटेड वीकली'त त्यांची आरंभीची चित्रे प्रसिद्ध झाली ती माणेकशांच्या नावाने. अपरिचित, त्यातून स्त्री. तिच्या नावाला बाजारात किंमत नव्हती. यात घरातल्या कोणाची लबाडी होती असे नव्हे. व्यवहारच तसा होता. पुढे 'डालडा १३' या गमतीच्या टोपणनावानेही त्या ओळखल्या जाऊ लागल्या; मोटारीचा डीएलडी १३ हा क्रमांक त्याला कारण झाला. जिने मैत्रिणींची नावे जतन केली, तिचे नाव वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावाखाली झाकलेले राहिले, ही गोष्ट आम्हाला विलक्षण बोलकी वाटते.

नाव प्रकाशात आले तेही एका बिरुदाला जोडून: 'भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार'. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले तेव्हा हेच बिरुद सर्वत्र झळकले. बिरुद खोटे नाही. पण समीक्षेच्या दृष्टीने ते अडचणीचे आहे. 'पहिली' म्हटले की सन पाहिला जातो, साडी पाहिली जाते, चित्र पाहायचे राहते. चित्रे पाहिली तर असे दिसते की, १९४२ मध्ये दिल्लीस गेल्यानंतर त्यांच्या कामाची व्याप्ती अफाट वाढली. जून १९४७ मध्ये फाळणीच्या प्रस्तावावर हात वर करून मत देणारे काँग्रेसजन, गांधीजींची अंत्ययात्रा, पारवा सोडणारे नेहरू, ही चित्रे राष्ट्राच्या स्मृतीत जाऊन बसली आहेत. असे असले तरी त्यांतील जवळीक ही निमंत्रणाची जवळीक आहे. पंडितजींच्या व्यक्तित्वाचा मोह कॅमेऱ्याला पडला आहे, आणि दिल्लीच्या त्या समारंभांत चहाचे पेले उचलणारा माणूस चौकटीच्या कडेला क्वचितच सापडतो. राष्ट्रीय महत्त्वाने ही चित्रे मोठी आहेत. छायाचित्र म्हणून आमची पसंती मात्र कलाशाळेतील त्या मैत्रिणींना आहे.

यावर कोणी आक्षेप घेईल की, मैत्रिणींची चित्रे काढणे सोपे असते. शहरातील सुस्थितीतल्या मुलींचे ते छोटे जग, त्यात शेतमजूर बाई कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. ते जग लहानच होते. पण विद्यार्थ्याने लहान जगापासूनच आरंभ करावा असे आम्हाला वाटते, कारण जेथे समोरचा माणूस 'नको' म्हणू शकतो तेथेच त्याला विचारण्याची सवय लागते. मैत्रिणीला विचारून चित्र काढायला जो शिकला, तो पुढे खळ्यावरच्या बाईलाही विचारील. ज्याने अनोळखी दुःखापासून शिकायला सुरुवात केली, त्याला विचारायचे असते हेच माहीत होत नाही. होमाईबाईंनी हा संकोच अखेरपर्यंत सोडला नाही. पतीच्या निधनानंतर वर्षभराने, १९७० मध्ये, त्यांनी छायाचित्रण थांबवले. नव्या छायाचित्रकारांचे असभ्य वर्तन त्यांना रुचत नव्हते. त्यानंतर १५ जानेवारी २०१२ रोजी निधन होईपर्यंत, चाळीसहून अधिक वर्षे, त्या या व्यवसायाकडे परत फिरल्या नाहीत. आपल्या कलेपेक्षा आपली रीत त्यांनी मोठी मानली. याबद्दल हळहळ वाटते आणि आदरही वाटतो.

आम्ही धर्मगुरू, उभा जन्म धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत नावे लिहिण्यात गेला. स्नानसंस्कार असो, विवाह असो वा दफन, नाव चुकले तर नोंद व्यर्थ, हे आम्हाला सेमिनरीपासून शिकवले गेले. तरीही एका चित्राखाली नाव नाही, हे आमच्या लक्षात आले नाही. त्या जागी आम्ही विशेषणे लिहीत बसलो.

या फाल्गुनात तो विद्यार्थी पुन्हा त्याच खळ्यावर गेला. पहिल्या दिवशी त्याने कॅमेरा पिशवीतून काढला नाही. दुसऱ्या दिवशी विचारले. बाईंनी तोंड धुतले, पदर सारखा केला, ड्रम बंद करायला लावला आणि त्या त्याच्यासमोर ताठ उभ्या राहिल्या. हे दुसरे चित्र आम्ही पाहिले आहे. कलेच्या नेहमीच्या कसोट्या लावल्या तर ते पहिल्याहून उणे आहे. ऊन डोक्यावरचे, सावल्या कठीण, रचना सरधोपट. गालावरची ती रेघ तर नाहीच. विद्यार्थ्याच्या शिक्षकांनी त्याला कमी गुण दिले, आणि कारणे पाहता ते चुकले असे म्हणवत नाही. परंतु या चित्रातील स्त्री पाहणाऱ्याकडे सरळ पाहते. तिच्या नजरेला नजर देऊन 'वेदना' हा शब्द उच्चारण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. पहिल्या चित्रातला प्रकाश आणि दुसऱ्या चित्रातली ओळख एकाच चौकटीत आणणे, हे त्या तरुणाचे पुढचे काम आहे. ते अवघड आहे, आणि ते त्याला दिसू लागले आहे, एवढी खात्री आम्ही देऊ शकतो.

दुसऱ्या चित्राखाली दोन नावे आहेत: काढणाऱ्याचे आणि जिचे चित्र आहे तिचे. चित्राची एक प्रत बाईंच्या घरी भिंतीवर लागली आहे. ते नाव येथे छापण्याचा मोह आम्हाला झाला होता. पण या लेखासाठी आम्ही त्यांना विचारलेले नाही. पुढच्या वेळी खळ्यावर जाऊ, तेव्हा विचारू.