काच अडवते तेव्हा

गेल्या महिन्यात मुंबईतल्या एका दालनात अमूर्त चित्रित काचेचं प्रदर्शन पाहिलं आणि दारातच चिडलो. भिंतीवर तक्ता होता: निळा म्हणजे शांती, लाल म्हणजे आवेग, पिवळा म्हणजे आशा. आत काचांमागे एलईडीचे दिवे, सकाळपासून रात्रीपर्यंत तसूभरही न बदलणारे. लोक तक्ता वाचत, काचेकडे पाहून मान डोलावत आणि पुढे सरकत. या कलेत भावना नेमकी कुठे असते, याविषयीचा हा गैरसमज आता फार बोकाळला आहे.

काचेच्या चित्रकाराचं मुख्य काम उजेड अडवण्याचं असतं. जुन्या रीतीनं रंगवलेला एक तुकडा मी हातात धरून पाहिला आहे. लोहाच्या ऑक्साइडची पूड, काचेची भुकटी, पाणी आणि थोडा डिंक यांचा तपकिरी लेप निळ्या काचेवर दिलेला. तो ओला असताना रुंद, मऊ कुंचल्यानं थोपटलेला, वाळल्यावर सुईनं खरवडलेला आणि मग सहाशे अंशांच्या वर भाजलेला. टेबलावर तो नुसता मळकट दिसत होता. खिडकीशी धरला आणि ओरखड्यांतून केसाएवढा उजेड आत शिरला. तो निळा शांत नव्हता, धास्तावलेला होता. रंग तोच, पण अडवणारा हात निराळा.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलमधली बाप्तिस्मा-कक्षाची खिडकी मला म्हणूनच या कलेचं शिखर वाटते. जुनं कॅथीड्रल 14 नोव्हेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. नवं 1962 मध्ये उभं राहिलं. आराखडा जॉन पायपरचा, काचेतलं काम पॅट्रिक रेन्टिन्सचं. 195 तावदानं, मधोमध पांढरा-पिवळा झोत. छायाचित्रं त्या झोतावरच भाळतात. पण त्याला बळ देतात त्या कडेच्या गडद काचा. त्या झाकून पाहा, मधला उजेड लगेच सपाट होतो.

किंवा योहान्स श्राइटरनं जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या चर्चसाठी 1984 मध्ये केलेली लाल खिडकी घ्या. तिच्यावर एक तारीख आहे: 6 ऑगस्ट 1945, हिरोशिमाची. तक्तेवाल्यांनी सांगावं, हा लाल ‘आवेग’ आहे का? तिथल्या लोकांना मात्र तक्ता लागला नाही. ती काच त्यांना झोंबली आणि श्राइटरचे बाकीचे बहुतेक आराखडे नाकारले गेले.

याउलट कोलोनमधली गेरहार्ड रिख्टरची 72 रंगांची, 11,263 चौकोनांची खिडकी डोळे दिपवते, बस्स. झुरिकमध्ये झिग्मार पोल्केनं लावलेले अकीकाचे काप देखणे आहेत, पण ती कमाई दगडाची. विमानतळांवरच्या डिजिटल छापील काचांना मी या कलेत धरतच नाही.

सामान्य प्रेक्षकाला तक्त्याचा आधार हवा, असं आयोजक म्हणतात. कोणता सामान्य प्रेक्षक? आपल्याकडे माणसं तासभर शब्दांवाचून आलाप ऐकतात आणि कोमल रिषभाचा अर्थ कुणी भिंतीवर लिहून लावत नाही. वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रासमोर लोक मुकाट उभे राहतात. गोव्यातल्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या खिडक्यांतून दुधाळ उजेड येतो. त्या घरात वाढलेल्याला अडलेल्या उजेडाची हुरहुर शिकवावी लागत नाही. प्रेक्षक तयार आहे. अविश्वास आहे तो आयोजकांच्या मनात.

आणि रंगाशिवायही ही कला बोलते, याचा पुरावा फ्रान्समध्ये कोंक इथे उभा आहे. पिएर सूलाजनं तिथल्या मठाच्या चर्चमध्ये 1994 मध्ये 104 झरोक्यांना काच बसवली. एकही रंग नाही, पलीकडचं काही दिसत नाही. तरी दिवस चढतो तशी ती काच कधी निळसर होते, कधी तांबूस. तिथे शांती, आवेग, आशा कुठल्या रकान्यात भरणार? दिवसभर एकसारखा दिवा लावून याच कलेचा गळा आपण दाबतो आणि वर भावना समजावून सांगतो!

दालनवाल्यांना माझं सांगणं एवढंच: तो तक्ता उतरवा, मागचे दिवे विझवा आणि काचा खिडकीत लावा.