कालव्याचे पाणी आणि मध्यांची तुलना

धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गोखले संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाटपाण्याविषयी लिहू इच्छिणाऱ्यास हा ग्रंथ आजही टाळता येत नाही. बागायत व जिरायत शेजारी ठेवून पाहण्याची ही रीत अभ्यासकांच्या अंगवळणी पडली आहे. तिला सार्थकतेच्या कसोटीची जोड देताना मात्र विद्यार्थ्यांच्या हातून जी गफलत होते, तिचाच विचार येथे कर्तव्य आहे.

समजा, कालव्याखालील दहा व कोरडवाहू दहा गावे निवडली आणि प्रत्येक गावातून वीस खातेदारांचे एकरी उत्पन्न नोंदले. दोनशेंच्या मध्याची दोनशेंच्या मध्याशी तुलना केली. फरकास प्रमाण त्रुटीने भागता २.५ हा आकडा आला. तो १.९६ हून मोठा, म्हणून शून्य परिकल्पना त्याज्य ठरली. आकडेमोड बिनचूक आहे. निष्कर्ष मात्र बिनबुडाचा. गॉसेटने ‘स्टूडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये जी कसोटी मांडली, तिच्या मुळाशी निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असावीत ही अट आहे. एका गावातील वीस खातेदारांना पाणी बहुधा एकाच चारीचे, पाळी एकच, जमीन एकाच प्रतीची, ऊस नेणारा कारखानाही एकच. विसावा शेतकरी जे सांगतो त्यातील पुष्कळसे पहिल्यानेच सांगून टाकलेले असते!

गावांतर्गत सहसंबंध अवघा ०.१ धरला तरी मध्याचे प्रचरण १ + १९ × ०.१, म्हणजे २.९ पट होते. दोनशे निरीक्षणांचे मोल सुमारे ६९ उरते आणि २.५ चा आकडा १.४७ वर येतो. गावांचे मध्य हीच निरीक्षणे मानल्यास १८ स्वातंत्र्यमात्रांसाठी मर्यादा २.१० आहे, तिथवर आपण पोचत नाही. अर्थात यावरून पाण्याचा लाभ नाही असेही सिद्ध होत नाही. वीस गावांच्या बळावर तो दाखविता आला नाही, एवढेच.

शिवाय कालव्याचा मार्ग चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. तो उतार पाहून जातो. नदीकाठची खोल काळी जमीन आणि माळावरची बरड यांच्या उत्पन्नांतील फरक सारा पाण्याच्या नावे कसा मांडावा? नमुना कितीही वाढविला तरी हा दोष जात नाही. उलट चुकीचा फरक अधिक ठामपणे ‘सार्थक’ ठरतो.

पसाऱ्याचा प्रश्न याहून मोलाचा वाटतो. पाण्याने मध्य वाढतो तसे विचलनही वाढते. प्रचरणे असमान असता कसोटी कशी लावावी हे वेल्चने १९४७ मध्ये दाखविले. पण असमानता हा केवळ दुरुस्त करावयाचा दोष नव्हे. बेलापूर कंपनीसारख्या खाजगी कंपनीस खंडाने जमीन देणारा आणि स्वतः ऊस लावणारा, दोघेही त्याच मध्यात मोजले जातात. लाभ कोणाच्या पदरी पडला हे मध्य सांगत नाही. पुढे लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचे पहिले अध्यक्षपद गाडगीळांनी पत्करले, ते याच वाटपाच्या प्रश्नाला हात घालण्यासाठी.