गाणारा वेगळा, नाचणारा वेगळा

ऐरोलीत गाण्याचा क्लास शोधायला लांब जावे लागत नाही. सिडकोच्या बैठ्या घरांत, सोसायटीच्या तळमजल्यावर, कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजी अंथरून संध्याकाळी भूप नाहीतर यमन चाललेला असतो. कथ्थक आणि भरतनाट्यमचे वर्ग आहेत, कीबोर्ड-गिटारचे आहेत, ‘ॲक्टिंग’ शिकवणारी सुट्टीतली शिबिरेही आहेत. संख्येकडे पाहिले तर नवी मुंबईच्या या उत्तर टोकाला कलाशिक्षणाची चंगळ आहे. पण या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना गाण्याचा इतिहास आणि रंगमंचाचे तंत्र यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे कोणी सांगत नाही. निदान मराठी मुलांना तरी ते सांगायला हवे, कारण आपल्याकडे ही दोन्ही एकाच घरात वाढली.

आधी गाण्याकडे पाहू. विष्णू दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या शिष्यांनी 1931 साली स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय आज वाशीत, म्हणजे ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने थोड्याच स्थानकांवर आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी घरोघरी माहीत आहे. या शिडीला नावे ठेवणे सोपे आणि थोडे कृतघ्नपणाचेही आहे. जिथे गाणे बाईने शिकायचे की नाही यावर घरात वाद होत, तिथे परीक्षा, प्रमाणपत्र आणि वहीतली स्वरलिपी यांनीच मुलींसाठी दार उघडले. तरीही या परीक्षांचा शास्त्राचा पेपर चाळला की मन खट्टू होते. त्यात इतिहास म्हणजे जीवनचरित्रे. पलुसकरांचा जन्म कुरुंदवाडचा, भातखंड्यांनी दहा थाट मांडले, अमुक घराण्याची वैशिष्ट्ये पाच. विशारदला बसलेली मुलगी भूप आणि देसकारातला फरक चोख लिहिते. पण एखादे नाट्यपद तिने गायलेल्या छोट्या ख्यालासारखे का नाही, ते इतके आटोपशीर का, त्यात शब्द इतके स्वच्छ का लावायचे, असे विचारले की ती गडबडते. शास्त्रीय कलांच्या परीक्षांवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर क्लासचे वेळापत्रक परीक्षेच्या दोन सत्रांभोवतीच फिरते.

या प्रश्नांची उत्तरे रंगमंचावर आहेत.

1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले तेव्हा गाण्याची जबाबदारी सूत्रधारावर होती. तो आणि त्याचे साथीदार पदे म्हणत, पात्रे त्याप्रमाणे वावरत आणि मधले संवाद बऱ्याच अंशी ऐनवेळी रचत. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक केले, आणि पद पात्राच्या तोंडी आले. शकुंतला स्वतः गाऊ लागली. सांगायला हे एका वाक्यात संपते, पण त्याने रंगमंचावरचे सगळेच बदलले. आता नट गायक असायला हवा. गाताना त्याने कुठे उभे राहायचे, तोंड कुणाकडे करायचे, समोरच्या पात्राने पद संपेपर्यंत काय करायचे, हे सगळे ठरवावे लागले. किर्लोस्करांनी चालींसाठी साकी, दिंडी, लावणी, कीर्तन, कर्नाटकी पदे अशी सगळी ओळखीची वाट धरली, कारण प्रेक्षकाला चाल पटकन लागली नाही तर पदातली गोष्ट पुढे सरकत नाही. पुढे 1882 च्या ‘सौभद्रा’तही पदांची संख्या शंभराच्या वर गेली. एवढी पदे आणि रात्रभराचा प्रयोग हे गणित त्या काळच्या प्रेक्षकाला मान्य होते. आज त्याच ‘सौभद्रा’तली पदे कापल्याशिवाय ते उभे करता येत नाही. का येत नाही, हा संगीताच्या इतिहासाचा प्रश्न आहे आणि प्रयोगाच्या तंत्राचाही.

‘मानापमान’ 1911 सालचे. गोविंदराव टेंब्यांनी त्यात पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा आणला. 1916 च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी रागदारी बंदिशींच्या साच्यात पदे बसवली. पाच वर्षांत मराठी नाटकाचा कान इतका बदलला. बालगंधर्वांच्या मागे तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसले तेव्हा नाटकाच्या पुढच्या भागात चक्क मैफलच मांडली गेली. वन्स मोअर मिळाला की पद पुन्हा, आणि गोष्ट थांबलेली. या काळाचे गुणगान आपण पुष्कळ करतो. मला वाटते, त्याच मोहात नाटकाची गतीही अडकली. वर्गात शिकवताना बालगंधर्वांना केवळ वंदन करून पुढे न जाता हा ताण दाखवला, तर मुलांना इतिहास म्हणजे काय हे कळेल. 8 जुलै 1921 च्या ‘संयुक्त मानापमाना’त गंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर समोरासमोर आले. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या या प्रयोगाची आठवण लोक किती पैसे जमले म्हणून काढतात. संगीताच्या विद्यार्थ्याने मात्र विचारावे की ध्वनिवर्धक नसताना दोन अगदी वेगळ्या जातीचे आवाज एका मंचावर कसे बेतले असतील. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा असेल तर स्वर किती मोकळा लावावा लागतो, हे ऐरोलीतल्या एखाद्या शाळेच्या पटांगणावर माइक बंद करून गायले की दहा मिनिटांत समजते.

पडद्यांचेही तसेच. रंगवलेल्या पडद्यांच्या रंगभूमीवर पुढच्या पडद्यासमोर छोटा प्रवेश चालायचा आणि मागे पुढच्या देखाव्याची मांडामांड व्हायची. त्या छोट्या प्रवेशात एखादे पद असले की मागच्या मंडळींना तेवढी सवड मिळे. म्हणजे एखादे पद नाटकात का आहे, याचे एक उत्तर मागे सामान हलवणाऱ्या माणसांकडेही असायचे. हे मला फार आवडते.

मग 1933 साली नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ केले. मंचावर भिंती आणि दारे असलेला दिवाणखाना आला, पदे मोजकी झाली, केशवराव भोळ्यांचे संगीत प्रसंगामागे राहू लागले, आणि स्त्रीभूमिकेत ज्योत्स्ना भोळे होत्या. दिवाणखान्यात बसलेला माणूस वीस मिनिटे कशाला गाईल? नेपथ्य बदलले म्हणून गाणे आटले. ज्याला कार्यकारण म्हणतात ते याहून सुबक कुठे मिळणार? 1962 साली ‘तो मी नव्हेच’मध्ये फिरता रंगमंच आला आणि देखावा बदलायला लागणारा वेळच नाहीसा झाला, आणि मग तो वेळ भरायला पदाची गरजही उरली नाही. 1964 च्या ‘मत्स्यगंधा’त जितेंद्र अभिषेकींनी पद पुन्हा उभे केले ते या नव्या गतीला धरून, आटोपशीर करून. विशारदच्या मुलीला अडवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

आता शाळांच्या स्नेहसंमेलनाकडे वळू. ऐरोलीतल्या बहुतेक शाळांत, मराठी माध्यमाच्या असोत की इंग्रजी, डिसेंबर-जानेवारीत कलेचे जे दर्शन घडते त्याचा ढाचा एकच आहे. नृत्यदिग्दर्शक बाहेरून येतो, गाण्याचा ट्रॅक पेन ड्राइव्हवर येतो, कपडे भाड्याने येतात, मागे एलईडीच्या भिंतीवर किल्ले आणि सूर्योदय सरकतात. मुले ओठ हलवतात. गाणारा वेगळा आणि नाचणारा वेगळा, म्हणजे आपण फिरून भाव्यांच्या व्यवस्थेला आलो. फरक एवढाच की भाव्यांचा सूत्रधार मंचावर जिवंत उभा होता. त्याचा श्वास चुकला तर पात्र सावरून घेई, पात्र रेंगाळले तर तो एक आवर्तन जास्त घेई. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. पोवाडा असो की कोळीगीत, सगळ्यांचा आवाज एकाच स्पीकरमधून सारखाच येतो. यात मुलांचा दोष नाही आणि शिक्षकांचाही फारसा नाही. शाळेत कलाशिक्षक म्हणजे बहुधा चित्रकलेचा शिक्षक, आणि संगीताची तासिका ही प्रार्थना आणि 15 ऑगस्टच्या गीतांपुरती.

ज्यांना पैशांची अडचण वाटते त्यांना मी 1972 चे ‘घाशीराम कोतवाल’ दाखवीन. जब्बार पटेलांनी मंचावर घर उभारले नाही, ओळीने उभी असलेली माणसेच भिंत झाली. ती झुलली, उघडली, मिटली. भास्कर चंदावरकरांनी कीर्तन, लावणी, अभंग असे गावोगावचे ओळखीचे सूर एकत्र आणले आणि ते त्या माणसांनीच गायले. बारा-पंधरा मुले, एक ढोलकी, टाळ आणि एक पेटी एवढ्यावर सातवीच्या वर्गाला नेपथ्य आणि संगीत दोन्ही शिकवता येईल. अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर 2017 चे ‘संगीत देवबाभळी’ आहे. दोन अभिनेत्री, आणि दोघीही प्रयोगात प्रत्यक्ष गाणाऱ्या. पाचशे प्रयोगांच्या या नाटकाला गर्दी करणाऱ्यांत तरुण चेहरे बरेच होते. त्यांना गाणे नको असते, हा निर्मात्यांचा जुना समज त्यानंतर तरी गळून पडायला हवा होता.

रंगमंचाचे तंत्र शिकण्याची एकच खरी शाळा मुंबई परिसरात उरली आहे आणि ती म्हणजे महाविद्यालयीन एकांकिका. आयएनटी, सवाई अशा स्पर्धांसाठी मुले महिनाभर झोपत नाहीत. कुणी प्लायवूडचे फ्लॅट ठोकतो, कुणी लेव्हल उचलतो, कुणाला प्रकाशयोजनेत डिमरवर बसून पहिल्यांदा कळते की अंधारालाही वेळ मोजून द्यावा लागतो. ऐरोलीच्या मुलांना त्यासाठी ठाणे, मुलुंड, दादर गाठावे लागते, पण ती गाठतात. फक्त या शाळेला इतिहासाचा वर्ग नाही. संगीत इथे बहुतेक वेळा डाउनलोड केलेले असते, पार्श्वभूमीला चिकटवलेले. ज्या मुलाला फ्रेनेल आणि प्रोफाइल दिव्यातला फरक कळतो, त्याला धृपद आणि धमार ऐकून ओळखता येत नाही. क्लासमधल्या मुलीची उणीव नेमकी उलट. ही दोघे एकाच सोसायटीत राहत असली तरी त्यांची गाठ पडत नाही.

आणखी एक अभ्यासक्रम ऐरोलीच्या पायाखालीच आहे. सिडकोचे सेक्टर पडण्यापूर्वीची दिवा, गोठिवली, रबाळे ही आगरी-कोळी गावे आजही या नगराच्या मधोमध आहेत. लग्नात धवळे गाणाऱ्या बायका विधी आणि गाणे एका हाताने चालवतात. कुठल्या क्षणी कुठले गाणे, हळदीला कोणते, पाठवणीला कोणते, याचे त्यांचे नियोजन एखाद्या रंगमंच व्यवस्थापकाला लाजवील असे असते. कोकणातून आलेल्या कुटुंबांनी जाखडी, शक्ती-तुरा, नमन बरोबर आणले. नमनातला संकासुर, त्याची काळी कफनी, त्याचे आत येणे, हे प्रवेशाच्या तंत्राचे उत्तम धडे आहेत. गणेशोत्सवात हे सगळे दिसते आणि अनंत चतुर्दशीनंतर पुढच्या वर्षापर्यंत गुंडाळून ठेवले जाते. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, तिथे या विषयांवर पदव्या मिळतात. शाळेतल्या मुलाला मात्र आपल्या आजीला येणारे गाणे हा ‘संगीताचा इतिहास’ आहे, याचा पत्ता नसतो.

दोन्ही बाजू एकत्र धरणारी माणसे आपल्याकडे झालीच नाहीत असे नाही. अशोक दा. रानड्यांनी मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक म्हणून काम केले, नाट्यसंगीताचा इतिहास लिहिला, आणि नटांना आवाज कसा घडवायचा हे प्रत्यक्ष शिकवले. त्यांच्या सप्रयोग व्याख्यानांत विवेचन आणि गायन एकमेकांत मिसळलेले असे. पुण्यात ललित कला केंद्राने संगीत, नृत्य आणि नाट्य एका आवारात आणले. कलिन्यात अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. पण हे सगळे शाळा संपल्यानंतरचे. दहा-बारा वर्षांच्या वयासाठी 1959 साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर काढून रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने सुरुवात केली होती. मुलांच्या नाटकालाही खरे नेपथ्य, खरा प्रकाश, खरे संगीत लागते, हा त्यांचा हट्ट होता. तो हट्ट पुढे शिबिरांच्या ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’मध्ये विरघळला.

राहता राहिले नाट्यगृह. वाशीला विष्णुदास भाव्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. ऐरोलीच्या सेक्टर पाचमधल्या नाट्यगृहाचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळताना इथल्या लोकांनी पाहिले. महापालिकेच्या चर्चा खुर्च्या किती, वाहनतळ केवढा, यांवर होतात. तालमीची खोली किती मोठी, तिचे भाडे क्लासवाल्या बाईंना परवडेल का, सकाळच्या रिकाम्या वेळी शाळांच्या मुलांना विंगेत उभे करून पडद्याची दोरी, झालर, दिव्यांची पट्टी दाखवायला कुणी नेमलेला असेल का, यांवर होत नाहीत. व्यावसायिक नाटकांचे दौरे शनिवार-रविवारचे. सोमवार ते शुक्रवारच्या सकाळी कुठल्याही नाट्यगृहात सफाई कामगार आणि दिव्यांचा माणूस सोडून फारसे कुणी नसते. आधी त्या दिव्यांच्या माणसाला शिक्षक म्हणून मानधन द्यावे, आणि त्याच्या शेजारी ऑर्गन वाजवणारा, संगीत नाटकांना साथ केलेला एखादा निवृत्त वादक बसवावा. ठाणे-मुलुंड पट्ट्यात असे वादक अजून आहेत. ‘सौभद्रा’तला एकच प्रवेश घ्यावा, तो आधी पडद्यासमोर पूर्ण पदांसह करावा, मग दिवाणखान्यात बसवावा, मग माणसांची भिंत करून. त्यासाठी लागेल तेवढा मंच रंगीत खडूने शाळेच्या हॉलमध्येही आखता येतो, नाट्यगृहाच्या उद्घाटनाची वाट पाहण्याची गरज नाही.