अधोशरीरावरील ऑस्टिओपॅथिक उपचार आणि मानेची हालचाल : एका दाव्याची चिकित्सा
(माजरी कोळसा क्षेत्रातील डंपरचालकांच्या संदर्भात)

प्रस्तावना :
चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील माजरी हे वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडचे एक क्षेत्र आहे. खुल्या खाणीत डंपर चालविणाऱ्या कामगारास पाळीभर बसून राहावे लागते, रस्त्याचे हादरे सोसावे लागतात आणि गाडी मागे घेताना वारंवार मान वळवावी लागते. म्हणूनच त्याची मान आखडणे हा केवळ दुखण्याचा नव्हे, तर सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो. पाय व श्रोणी यांवर हस्तोपचार केल्यास मान मोकळी होते, या ऑस्टिओपॅथीतील दाव्याचा विचार प्रस्तुत लेखात याच कामगाराच्या गरजेच्या कसोटीवर केला आहे.

दाव्याचे स्वरूप :
अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ही पद्धती मांडली आणि १८९२ मध्ये अमेरिकेतील किर्क्सव्हिल येथे तिचे विद्यालय काढले. शरीर हे एकसंध आहे आणि रचना व कार्य परस्परावलंबी आहेत, हे तिचे मूलतत्त्व होय. त्यानुसार तळपाय, पोटरी व मांडीची मागील बाजू यांतील ताण पाठीवाटे मानेपर्यंत पोहोचतो, असे मानले जाते.

विवेचन :
हा दावा सर्वस्वी निराधार नाही. पाठ वाकवून बसलेल्या व्यक्तीने मान खाली घातल्यास गुडघा सरळ करणे कठीण जाते व मान वर करताच ते सुलभ होते, हे भौतिकोपचारतज्ज्ञ नित्य पाहतात. फ्रँकफर्ट येथील विल्के व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ६३ निरोगी व्यक्तींचा समावेश होता. तीत पाय ताणण्याच्या व्यायामानेही मानेची हालचाल वाढल्याचे आढळले.

तथापि, यावरून काढले जाणारे निष्कर्ष तपासून घेतले पाहिजेत. पहिली गोष्ट म्हणजे ही चाचणी ताणाच्या व्यायामाची होती, ऑस्टिओपॅथिक हस्तोपचाराची नव्हे. शिवाय सहभागी निरोगी होते व परिणाम तात्काळ मोजलेले होते. दुसरे असे की, पायाचा व्यायाम मानेच्या व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. मान स्पर्शही सहन करीत नसेल तेव्हा हा मार्ग उपयुक्त ठरू शकेल. एरवी त्यास प्राधान्य देण्याचे कारण उरत नाही. तिसरे, याच गटाच्या २०१६ मधील आढाव्यात तळपायापासून पाठीपर्यंतचे दुवे शवविच्छेदनाच्या आधारे पुष्ट झाले. पाठीपासून मानेपर्यंतचा दुवा त्यात सिद्ध झालेला नाही. चौथे, मान वळविण्याची सुमारे निम्मी क्रिया पहिल्या दोन मणक्यांमधील सांध्यात घडते. पोटरीचा ताण या सांध्याला कसा बांधून ठेवतो, याचे समाधानकारक स्पष्टीकरण दिले जात नाही. डंपरचालकास तर नेमकी हीच हालचाल हवी असते. शेवटचा मुद्दा तुलनेचा आहे. काहीच उपचार न मिळालेल्या गटाशी केलेली तुलना पुरेशी नाही. स्पर्श, विश्रांती व अपेक्षा यांचा परिणाम वेगळा काढण्यासाठी नकली उपचाराचा गट आवश्यक आहे.

निष्कर्ष :
शरीराची एकसंधता मान्य केली, तरी ऑस्टिओपॅथीची साखळी तळपायापाशी थांबते. डंपरचालकाच्या बाबतीत ती पुढे आसन, टायर आणि खाणीतील रस्त्यापर्यंत जाते. आसनाचे हादरे तसेच ठेवून पोटरी चोळत राहणे म्हणजे दुखणे हल्याला आणि डाग पखालीला. रस्त्याची नियमित दुरुस्ती, हादरे शोषणारे आसन, मागील दृश्य दाखविणारा कॅमेरा आणि पाळीतील विश्रांती हे उपाय प्रथम येतात. हस्तोपचाराची उपयुक्तता अजमावयाची असल्यास चालकांच्या मानेचे वळण पाळीपूर्वी व पाळीनंतर मोजावे आणि नकली उपचाराच्या गटाशी ताडून पाहावे. अशी चाचणी होईपर्यंत हा दावा शक्यता म्हणून स्वीकारता येईल. कामगाराला सांगण्याजोगे आश्वासन म्हणून नव्हे.