हौशी छायाचित्रमंडळांचा इतिहास : एक तक्रार आणि एक सूचना

हौशी छायाचित्रमंडळांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास एक सोय आरंभीच लाभते आणि पुढे तीच त्याची अडचण होऊन बसते. ही मंडळे कागद राखणारी असतात. सभांची टिपणे, सभासदांच्या याद्या, प्रदर्शनांच्या पुस्तिका, वर्धापनदिनाच्या स्मरणिका हे सारे क्रमाने बांधून ठेवलेले असते. संशोधक ते उघडतो, सन आणि नावे उतरवून घेतो आणि इतिहास लिहून झाला असे समजतो. परंतु कागद राखणारा मुख्यतः स्वतःला राखत असतो. कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्यांची चार पिढ्यांची नावे ज्या दप्तरात मिळतात, त्याच दप्तरात कॅमेऱ्यापुढे बसलेल्या एकाचेही नाव मिळत नाही. आमची तक्रार एवढीच आहे, आणि ती आम्ही मुंबई व वसईच्या संदर्भात मांडू इच्छितो.

मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' 1854 साली स्थापन झाली. पुढल्याच वर्षी तिने आपले नियतकालिक सुरू केले. कलकत्ता आणि मद्रास येथील मंडळे 1856 मधली, म्हणजे या बाबतीत मुंबई आघाडीवर होती. कॅप्टन हॅरी बार यांच्यासारखे लष्करी अधिकारी तीत होते, तसेच डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. नारायण दाजींनी तर सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही काम केले. त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे नामवंत व्यावसायिक छायाचित्रकार झाले. मुंबईच्या इतिहासकारांना या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि तो अनाठायी नाही. कलकत्त्यात काय घडले ते पाहिले म्हणजे तो अधिकच योग्य वाटतो. तेथील मंडळाचे खजिनदार राजेंद्रलाल मित्र यांनी 1857 साली एका जाहीर सभेत युरोपीय मळेवाल्यांवर टीका केली, आणि त्यापायी त्यांना मंडळातून काढून टाकण्यात आले. छायाचित्रणाशी या भाषणाचा काडीचा संबंध नव्हता. म्हणून मंडळाचा इतिहास केवळ मंडळाच्या टिपणांतून वाचू नये. शहराची वर्तमानपत्रेही शेजारी घेऊन बसावे.

'हौशी' या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. परंतु त्या काळची ही हौस विलक्षण महाग होती. 1851 नंतर रूढ झालेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि ती सुकण्यापूर्वी अंधारात धुवून काढायची, असा सारा खटाटोप असे. किनारा सोडून आत जायचे तर काचा, रसायने, पाणी आणि अंधाराचा तंबू बरोबर न्यावा लागे. हे ओझे कोणीतरी डोक्यावर, खांद्यावर किंवा बैलगाडीत वाहिले. त्यांची नावे मंडळाच्या यादीत शोधू नयेत.

आणखी एक गोष्ट. सोसायटीच्या आश्रयाखाली 1856 ते 1858 या काळात 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' या नावाने चित्रांचे मासिक अंक निघत. ते काढणारे विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांचा मुंबईत छायाचित्रणाचा धंदा होता. नाव हौशीचे आणि हात व्यावसायिकाचा! हौशी मंडळांच्या इतिहासाच्या पहिल्याच प्रकरणात ही सीमारेषा पुसलेली आढळते, तरी पुढील लेखक ती ठळक असल्यासारखे लिहीत जातात.

जॉन्सनने पुढे 1863 आणि 1866 मध्ये 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हा दोन खंडांचा ग्रंथ लंडनमधून प्रसिद्ध केला. पहिला खंड गुजरात, कच्छ आणि काठेवाडच्या लोकांचा, दुसरा महाराष्ट्राचा. चित्रे देखणी आहेत. परंतु एका ठिकाणी बसवून काढलेली माणसे दुसरीकडे काढलेल्या देखाव्यावर जोडून ती तयार केलेली आहेत. ही कृती लबाडीची म्हणून आम्ही हिणवीत नाही. त्या काळच्या साधनांत उजेड आणि अंतर दोन्ही एका काचेवर साधणे कठीणच होते. पण तिचा अर्थ स्पष्ट आहे. माणूस त्याच्या घरातून उचलला, त्याचे नाव काढून घेतले, त्यास जातीचे अथवा धंद्याचे नाव दिले आणि शेवटी त्याच्या पायाखालची जमीनही बदलली. अशा चित्रातील देवळावरून किंवा तळ्यावरून जो संशोधक त्या माणसाचे गाव ठरवील, तो फसेल.

आता आमच्या भागाकडे वळू. डॉ. जोसेफ गर्सन दा कुन्हा हे मूळचे गोव्याचे, मुंबईत वैद्यकी करणारे कॅथलिक विद्वान. चौल आणि वसईच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1876 साली मुंबईत निघाला, आणि त्यात सतरा छायाचित्रे होती. त्या काळात छायाचित्र पुस्तकात घालणे म्हणजे केवढा व्याप होता हे लक्षात घेतले, तर त्या विद्वानाच्या चिकाटीला नमस्कार करावासा वाटतो. मात्र ग्रंथाचा विषय प्राचीन अवशेष हा आहे. किल्ला 1739 साली पडला. त्यातील मठ आणि मंदिरे ओस पडली. आणि कॅमेरा वसईस आला तो या पडझडीसाठी. पापडी, सांडोर, माणिकपूर, नंदाखाल, आगाशी येथे लोक तेव्हाही प्रार्थनेला जात होते, बागायती शिंपीत होते, लग्ने लावीत होते. पुढच्या काळातील हौशी मंडळांच्या सहलीही किल्ल्याच्या कमानींपाशीच उतरत आल्या आहेत. मोडकी कमान प्रकाशाला फार चांगली सापडते, हे आम्हांलाही मान्य आहे.

विसाव्या शतकात, 1930 नंतर, मुंबईत नवी मंडळे निघाली आणि 'सलोन' या नावाची स्पर्धात्मक प्रदर्शने रुजली. त्यांच्या पुस्तिकेत छायाचित्रकाराचे नाव, गाव आणि चित्राचे शीर्षक एवढेच छापतात. शीर्षके 'वार्धक्य', 'कष्ट', 'बाजारच्या वाटेवर' अशा थाटाची. परीक्षकाला त्याहून अधिक लागत नाही. रचना, छाया, पोत यांवर पदक ठरते, आणि ठरावेही. परंतु परीक्षकाची गरज ती इतिहासकाराची गरज नव्हे. मंडळांच्या चळवळीत वाढलेले डॉ. जी. थॉमस यांनी 1981 साली भारतीय छायाचित्रणाचा 1840 पासूनचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला, त्या श्रमांचे ऋण सर्वांवर आहे. त्यांनी पाया घातला म्हणूनच पुढल्यांकडून अधिक मागता येते. त्यानंतर निघालेल्या अनेक स्मरणिकांना मात्र पदाधिकाऱ्यांची यादी म्हणजेच इतिहास वाटतो.

यावर उपाय काय? पहिली सूचना शब्दांविषयी. आज परदेशी ग्रंथालये आणि संग्रहालये आपली जुनी चित्रे संगणकावर पाहू देतात. आमचे तरुण तेथे 'ईस्ट इंडियन' असा शोध घेतात आणि निराश होतात. परंतु आमच्या समाजाने हे नाव 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, धारण केले. त्याआधीच्या कागदांत आमचे पूर्वज 'नेटिव्ह ख्रिश्चन' किंवा 'पोर्तुगीज' म्हणून येतात. आणि 'ईस्ट इंडियन' हा शब्द तेव्हा बंगाल-मद्रासकडे युरोपीय व भारतीय अशा मिश्र वंशाच्या लोकांना लावीत. नावच चुकले तर आपलीच आजी आपणांस ओळखता येणार नाही.

दुसरी सूचना आमच्या हातात असलेल्या दप्तराविषयी. ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 साली विवाहाची नोंदवही ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले, आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावेही वहीत लिहावयास सांगितली. त्यामुळे जे कॅमेऱ्याने केले नाही ते धर्मग्रामाच्या वहीने केले. ज्याची जमीन नव्हती, ज्याला अक्षर येत नव्हते, त्याच्याही मुलाचे नाव आईबापांच्या नावांसह तेथे लिहिले गेले. मंडळाचा अल्बम आणि धर्मग्रामाची वही एकाच टेबलावर ठेवून वाचणारा संशोधक आम्हांला अजून भेटायचा आहे. चित्रातील लग्नाचा साल, वरमाईच्या गळ्यातील दागिना, मागील दरवाजा, एवढ्या खुणांवरून विवाहाच्या नोंदीपर्यंत जाता येते. हे काम चिवट आहे, पण अशक्य नाही.

मात्र सगळा दोष मंडळांच्या माथी मारून आम्हांस सुटता येणार नाही. हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही घरातील जुने फोटो काढून पाहिले. एका फोटोत सणाच्या दिवशी मंदिरासमोर उभे असलेले धर्मगुरू आणि त्यांच्या भोवती लाल लुगड्यांतील नऊ स्त्रिया आहेत. निदान लुगडी लाल असावीत, चित्र काळेपांढरे आहे. पाठीमागे आमच्याच घरातील कोणीतरी सुबक अक्षरांत फादरांचे पूर्ण नाव लिहून ठेवले आहे, आणि त्यापुढे 'व इतर'. आम्ही तो फोटो घेऊन वयोवृद्ध आत्याबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले, आणि नऊपैकी तिघींची नावे सांगितली. चौथीचे माहेर सांगितले, नाव आठवेना. ते त्यांच्या शेजारीण बाईंना ठाऊक असेल म्हणाल्या. त्या सध्या लेकीकडे गेल्या आहेत, पुढच्या रविवारी परत यायच्या आहेत. फोटो आम्ही आत्याबाईंकडेच ठेवून आलो आहोत, सोबत एक पेन्सिलही.